गेटवर गाडी उभी, क्वेरी चालूच

वाळूज एमआयडीसीत 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या अवतीभवती सुटे भाग बनवणारे कारखाने आले आणि त्यांत राबणाऱ्यांच्या घरांनी बजाजनगर वसलं. मी इथेच राहते आणि अशा छोट्या-मध्यम कारखान्यांचे डेटाबेस सांभाळते. या धंद्यात एक प्रश्न कधीही येऊन थडकतो. ग्राहकाच्या लाइनवर एका गिअरला तडा दिसला. तो गिअर कोणत्या हीटच्या, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेल्या कोणत्या घाण्याच्या, स्टीलचा, आणि त्याच हीटचे बाकीचे नग कोणकोणत्या चलनांवर गेले? उत्तर मिळेपर्यंत डिस्पॅच बंद. ड्रायव्हर गेटवर, क्वालिटीचा माणूस फोन कानाला लावून, आणि पडद्यावर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, आपली चालूच.

अशा वेळी मालक हमखास विचारतात, "मॅडम, मोठा सर्व्हर घेऊ का?" मी म्हणते, साहेब, पैसे नंतर घाला, आधी डेटाबेस शोधतोय कसा ते बघू. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लिहिलं की तो आपला बेत मांडून दाखवतो. 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' लिहिलं तर क्वेरी खरोखर चालवतो आणि कुठल्या पायरीला किती वेळ गेला, किती ओळी आल्या तेही सांगतो. खरोखर चालवतो, म्हणून डिलीटच्या क्वेरीवर हा प्रयोग करू नये.

बेतात 'सिक्वेन्शियल स्कॅन' दिसला, तर सगळं टेबल पहिल्या पानापासून वाचलं जातंय असं समजा. लाइनवर नग स्कॅन होताना पडलेल्या 4 कोटी नोंदी आणि नोंदीला 200 बाइट धरले तर झाले 8 जीबी. पोस्टग्रेसचं एक पान 8 केबीचं, म्हणजे सुमारे 10 लाख पानं. एका हीटचे काहीशे नग शोधायला एवढी पानं कशाला वाचायची? हीट नंबरवर इंडेक्स असेल, तर तो फांद्याफांद्यांनी उतरत नेमक्या जागी नेतो. एका पानात तीनशे नोंदी धरल्या, तर चार पायऱ्यांत आठशे कोटी नोंदींचा आवाका होतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत ही बी-ट्री रचना शोधली. त्यांचा निबंध 1972 साली नियतकालिकात छापून आला. आजच्या बहुतेक डेटाबेसचे इंडेक्स तिच्यावरच उभे आहेत.

इंडेक्समधल्या रकान्यांचा क्रमही बघावा लागतो. स्टोअरचं आवक रजिस्टर आधी पुरवठादारानुसार आणि मग तारखेनुसार लावलेलं असेल, तर 'अमक्याचा जूनचा माल' लगेच निघतो. नुसता 'जूनचा माल' मागितला की अख्खं रजिस्टर चाळणं आलं. दोन रकान्यांच्या इंडेक्सचं बहुतेकदा असंच असतं.

इंडेक्स असूनही क्वेरी रेंगाळते, तेव्हा मी सर्वात आधी बेतातला अंदाज बघते. 1979 साली आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 'सिस्टिम आर' या डेटाबेससाठी एक पद्धत मांडली: प्रत्येक वाटेचा खर्च आधी अंदाजायचा आणि स्वस्त वाट धरायची. हा अंदाज टेबलाच्या आकडेवारीवरून निघतो. पोस्टग्रेस ती आपोआप ताजी करतो, पण मूळ सेटिंगप्रमाणे टेबलात सुमारे 10 टक्के फेरबदल झाल्यावर. 4 कोटींच्या टेबलात म्हणजे 40 लाख नोंदी. रोज लाखभर स्कॅन होत असतील तरी महिन्यावर जातं. मधल्या काळात गाडीचं नवं मॉडेल येतं, नवा पार्ट नंबर सुरू होतो. लाइनवर त्याचे ढीग लागलेले असतात, पण कारखान्याचे पार्ट मोजकेच असले, की आकडेवारीच्या लेखी हा नवा पार्ट जवळपास नसतोच. डेटाबेस धरून चालतो की एखादीच ओळ येईल, आणि येणाऱ्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात एकेक फेरी मारायचं ठरवतो. प्रत्यक्षात ओळी येतात लाखांनी! बेतात 'अंदाज 1, प्रत्यक्ष 3 लाख' अशी तफावत दिसली की दुखणं तिथेच आहे. 'ॲनालाइझ' ही आज्ञा दिली की डेटाबेस टेबलाचा नमुना वाचून आकडेवारी नव्याने बांधतो. नमुना साधारण 30 हजार ओळींचा, त्यामुळे काम लवकर उरकतं. अशा टेबलापुरती ती 10 टक्क्यांची मर्यादा मी खाली आणते. यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही, म्हणून नव्या सर्व्हरचं कोटेशन आलं की मला राहवत नाही.

कधी डेटाबेस निर्दोष असतो आणि प्रोग्रॅमच त्याला छळतो. रिपोर्ट बनवताना आधी नगांची यादी मागवायची, मग प्रत्येक नगासाठी वेगळी क्वेरी पाठवायची. एकेक क्वेरी चुटकीसरशी होते, पण हजारो हेलपाटे पडतात. पवईच्या आयआयटी मुंबईत एस. सुदर्शन आणि रवींद्र गुरवन्नवर यांनी असे वारंवार जाणारे प्रश्न प्रोग्रॅममधूनच ओळखून एकगठ्ठा पाठवण्याची रीत शोधली आणि 2008 साली प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने ती वाचावी असं मला मनापासून वाटतं.

एवढं सगळं ऐकून काही जण दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स टाकत सुटतात. तसं करू नये. लाइनवर स्कॅनर वाजला की टेबलात एक नोंद पडते आणि सोबत जवळपास प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावं लागतं. कोणता इंडेक्स किती वेळा कामी आला याची मोजणी पोस्टग्रेस ठेवतो. ती यादी काढावी. वर्षअखेरीच्या रिपोर्टला लागणारे आणि नोंदी दुबार होऊ न देणारे इंडेक्स बाजूला ठेवावेत. उरलेल्यांत ज्यांच्यापुढे शून्य आहे, ते उडवावेत.