दुष्काळातल्या मुली आणि केडगावचा अग्नी

२९ जून १९०५. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदन या आश्रमात, पहाटेच्या अंधारात एक मुलगी मोठ्याने प्रार्थना करत उठून बसली. आपल्यावर पवित्र आत्म्याचा अग्नी उतरला आहे, असं ती सांगत होती. तिच्याभोवती खरोखरच ज्वाळा दिसल्याने खोलीतली दुसरी स्त्री पाण्याची बादली आणायला धावली. पाणी ओतणार, तोच तिच्या लक्षात आलं की मुलीला काहीच झालेलं नाही. तासाभरात आवारातल्या कितीतरी मुली तिथे जमल्या. कुणी रडत होत्या, कुणी आपले अपराध कबूल करत होत्या. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना सगळ्या मुली एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या, आणि बाईंना शिकवणं थांबवावं लागलं.

लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभा सुरू झाल्या एप्रिल १९०६ मध्ये. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल आणि करिश्मॅटिक मंडळ्यांचा जागतिक इतिहास सहसा तिथूनच सुरू करतात. केडगाव त्याच्या दहा महिने आधीचं. आपण मराठी लोक मात्र रमाबाईंची गोष्ट आर्य महिला समाज, शारदा सदन आणि तिथल्या धर्मांतरांवरून झालेल्या १८९३ च्या वादाशी आणून थांबवतो. पुढची तीस वर्षं ‘धर्मांतरानंतरचं आयुष्य’ म्हणून बाजूला राहतात. उलट ख्रिस्ती जागृतीचे (रिव्हायव्हलचे) इतिहासकार त्या पहाटेचं वर्णन रंगवून करतात, पण प्रार्थना करणाऱ्या मुली मुळात कुठून आल्या होत्या, हे एका ओळीत उरकतात. मला हे दोन्ही अपुरं वाटतं. केडगावची प्रार्थना दुष्काळातून आली होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात माळव्याच्या दक्षिणेला, नर्मदेच्या खोऱ्यात आणि मध्यप्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. अनाथ मुली आणि तरुण विधवांना तर दलाल आणि गुंड हेरून नेत.   रमाबाईंना उपाशी पोटाची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. आई-वडील आणि बहीण त्यांनी दक्षिणेतल्या दुष्काळात गमावली होती. भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत पुराणं सांगत त्या पायी देशभर हिंडल्या होत्या. मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्न होता, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे गुजरातचा १८९९-१९०० चा दुष्काळ आला, आणि आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींना खायला घालायचं, तर विहिरी खणाव्या लागतात, शेत पिकवावं लागतं. मुक्तीत माग होते, दूधदुभतं होतं, तेलघाणा होता, छापखाना होता. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल शिकवत. हा पसारा ज्या हातांनी चालवला, तेच हात प्रार्थनेत जोडले गेले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मंडळ उभं केलं. आरंभी सत्तर जणी होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. वेल्समध्ये १९०४ साली उसळलेल्या जागृतीची बातमी हिंदुस्थानात पोचली होती, आणि खासी टेकड्यांतल्या वेल्श मिशनच्या मंडळ्यांतही १९०५ मध्ये असंच घडत होतं. पण केडगावात पुढाकार उपदेशकांचा नव्हता. काल-परवापर्यंत ज्यांना गावात कुणी विचारलं नव्हतं, त्या मुलींचा होता. त्या टोळ्या करून आसपासच्या गावांत साक्ष द्यायला निघाल्या. ज्या काळात बहुतेक ठिकाणी व्यासपीठ पुरुषांचं होतं, त्या काळातली ही गोष्ट.

टीका झाली, आणि ती बरीचशी गोऱ्या मिशनऱ्यांकडूनच. आरडाओरड, थरथरणं, अंग टाकणं त्यांना रुचेना. रमाबाईंची भूमिका स्वच्छ होती: हिंदी ख्रिस्ती माणसाला पाश्चात्त्य साच्यात बसवू नका, आत्म्याला त्याच्या रीतीने काम करू द्या. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या आणि देहभान हरपणारी भक्ती लहानपणापासून पाहिलेल्या बाईंना मुलींचं रडणं-गाणं परकं वाटलं नसावं, असं मला वाटतं. प्रार्थनेत न शिकलेल्या अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही पुढे मुक्तीत घडले. त्यांचा त्यांनी धिक्कार केला नाही, पण आत्म्याच्या दानाचा तोच एकमेव पुरावा, असा हट्टही धरला नाही. पुढे याच मुद्द्यावर जगभर मंडळ्या फुटल्या. ते पाहिलं की बाईंचा तोल किती मोठा होता, हे कळतं.

मुक्ती कुठल्याही एका पंथाची नव्हती. तरी बॅप्टिस्टांची एक जुनी खूण तिथे सापडते. या पंथात बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देत नाहीत. स्वतः विश्वास कबूल केलेल्या माणसाला, पाण्यात पूर्ण बुडवून देतात. मुक्तीच्या मुलींचे बाप्तिस्मे भीमेच्या पात्रात होत. दुसरी खूण भाषेची. इंग्लंडात चांभारकाम केलेले बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात उतरले. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी मराठीचं व्याकरण (१८०५), कोश (१८१०) आणि नवा करार (१८११) छापला. बॅप्टिस्टांचं मुख्य काम पुढे बंगाल, ओरिसा, तेलुगू मुलूख आणि ईशान्येत वाढलं, मराठी मुलखात इतर मिशनं आली. पण शास्त्र लोकांच्या बोलीत यावं, हा केरींचा ध्यास रमाबाईंनी शेवटापर्यंत नेला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. बाजारहाट करणाऱ्या बाईला समजावं, एवढाच त्यांचा निकष होता. छपाईचे खिळे जुळवायला मुक्तीच्याच स्त्रिया होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, आणि १९२४ साली ते बायबल छापून पुरं झालं.

केडगावची बातमी चिलीपर्यंत पोचली, ती मिनी अब्रॅम्स यांच्यामुळे. या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १८९८ पासून मुक्तीत रमाबाईंच्या सहकारी होत्या. १९०६ मध्ये त्यांनी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली आणि नंतर ती वालपरायसोमधल्या आपल्या मैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचे पती विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक होते. त्यांच्या मंडळीत १९०९ साली जी जागृती झाली, तिच्यातून चिलीचा पेंटेकॉस्टल पंथ उभा राहिला. अब्रॅम्स १९१० मध्ये अमेरिकेहून स्त्रियांचं एक पथक घेऊन परतल्या आणि उत्तर हिंदुस्थानात, जिथे मिशनरी फारसे पोचले नव्हते अशा बहराइचच्या भागात कामाला लागल्या. १९१२ मध्ये त्या वारल्या. चिलीत त्यांचं नाव आदराने घेतात. ज्या मुलींच्या प्रार्थनेवर त्यांनी ती पुस्तिका लिहिली, त्यांतल्या बहुतेकींची नावं मात्र एकाही इतिहासात नाहीत. केडगावच्या जुन्या कागदांतून, दुष्काळात लिहिलेल्या भरतीच्या नोंदींपासून, ती शोधायचं काम मराठी संशोधकांनी आता हाती घ्यायला हवं.