साथीच्या काळातले बाळंतपण

कोरोनाच्या दिवसांत मृतांचे आकडे आपण रोज ऐकत होतो. पण रोगाची लागण न होताही, केवळ नेहमीच्या तपासण्या, लसी आणि वाहने बंद पडल्यामुळे आई व बाळावर येणारे संकट त्या आकड्यांत दिसत नव्हते. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात ११८ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांविषयी एक अंदाज आला. आरोग्यसेवा फारच कोलमडल्या, तर सहा महिन्यांत ११ लाखांहून अधिक बालके आणि ५६ हजारांहून अधिक माता जास्तीच्या दगावतील, असे त्यात म्हटले होते.

रायगडच्या किनाऱ्यावर हे संकट दुहेरी होते. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन भागांतल्या आपल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष आखाती देशांत नोकरीला असतो. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली, एसटी थांबली. घरी राहिल्या सासूबाई, दिवस गेलेली सून आणि लहान मुले. त्यातच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनारपट्टीवर धडकले. झाडे पडून रस्ते अडले, वीज गेली, मोबाईल मुके झाले. फोनच लागत नसेल, तर १०८ क्रमांक पाठ असून काय उपयोग?

तीन उशीर

बाळंतपणातील मृत्यूंमागे तीन उशीर असतात, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. पहिला, दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवण्यातला. दुसरा, तिथे पोहोचण्यातला. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. साथीने तिन्ही वाढवले. रुग्णालयात गेलो तर कोरोना होईल, या भीतीने निर्णय लांबला. वाहन मिळेना. मोठ्या रुग्णालयांत खाटा आणि कर्मचारी कोविडकडे वळले. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव मात्र काही तासांतच जिवावर बेततो. तो कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही.

दुसरा आणि तिसरा उशीर बऱ्याच अंशी सरकारच्या हाती आहे. पहिला मात्र आपल्या घरात होतो. 'त्याचा फोन येऊ दे, मग बघू' हे वाक्य आपल्याकडे नवे नाही. आखातातल्या मुलाची संमती सातव्या महिन्यातच घेऊन ठेवली, तर ऐन वेळी सासूबाईंना कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

मागे राहिलेल्या लसी

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगातील २ कोटी ३० लाख बालकांच्या नेहमीच्या लसी चुकल्या. त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ पसरली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण आढळले. आजारी पडलेल्या मुलांत लस न घेतलेली बरीच होती. या वस्त्या आपल्याच आहेत, म्हणून ही गोष्ट आपण जास्त मनावर घेतली पाहिजे.

गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असते. मध्ये खंड पडला असेल, तर लाजून घरी बसू नये. कार्ड घेऊन आशाताईंना भेटावे. खंड पडला म्हणून झालेल्या लसी वाया जात नाहीत. राहिलेल्या तेवढ्याच घ्यायच्या असतात.

आधीच करून ठेवायच्या गोष्टी

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नये. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याचे वाहन हे सारे २०११ पासून मोफत आहे. तो आपला हक्क आहे.

तरीही मोहल्ल्यातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावावेत. रक्तगट आणि तो जुळणारे दोन नातेवाईक माहीत असावेत. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

गावच्या जमातीने दर महिन्याला गरोदर महिलांची यादी आशाताईंकडून समजून घ्यावी आणि प्रत्येक घरासाठी एक गाडी नेमून द्यावी. याला पैसा फारसा लागत नाही. अकीक्याच्या दिवशी जमलेल्या बायकांनी बाळाचे लसीकरण कार्डही एकदा उघडून पाहावे.