स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा दांडा

लोडर लावलेला ट्रॅक्टर शेणखत भरत असेल तेव्हा ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे बघावं. बकेट ढिगात घुसवायची, मागे यायचं, वळून ट्रॉलीला भिडायचं, बकेट ओतून पुन्हा मागे. एका बकेटला चार वेळा दिशा पालटते. दहा बकेटमध्ये ट्रॉली भरली, तर चाळीस वेळा. ट्रॅक्टर घेताना अश्वशक्ती, लिफ्ट आणि डिझेलचा खप यांची चौकशी सगळेच करतात. पण ज्याला लोडर चालवायचा आहे त्याने शटल कोणता आहे हे आधी विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

गिअर तोच ठेवून फक्त पुढे-मागे करणारी यंत्रणा म्हणजे शटल. तिचा दांडा बहुतेक ट्रॅक्टरवर स्टिअरिंगखाली डाव्या हाताला असतो. जॉन डिअरच्या ५ई मालिकेत अमेरिकेतल्या गिऱ्हाइकापुढे हीच निवड असे: ९ पुढचे आणि ३ मागचे गिअर असलेला यांत्रिक प्रकार, नाहीतर १२ पुढचे आणि १२ मागचे असलेला हायड्रॉलिक ‘पॉवररिव्हर्सर’. पहिल्यात प्रत्येक रेंजला एकच रिव्हर्स. दुसऱ्यात जितके गिअर पुढे, तितकेच मागे. याच कंपनीचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीत आहे आणि हायड्रॉलिक शटलचे ट्रॅक्टर आता आपल्याकडेही विकले जातात. यांत्रिक शटल तर नाशिककडच्या द्राक्षबागांत फिरणाऱ्या छोट्या, अरुंद ट्रॅक्टरांवरही येतो.

यांत्रिक शटलमध्ये क्लच दाबायचा, ट्रॅक्टर थांबवायचा, दांडा टाकायचा, क्लच सोडायचा. आत सिंक्रोनायझरची कडी असते. ती दोन फिरत्या भागांचा वेग जुळवते, म्हणून गिअर करकरत नाही. पण तिचं काम तेवढंच. ट्रॅक्टरचं वजन, त्यात भरलेली बकेट, हे सगळं थोपवून उलट दिशेला ओढायचं काम तिचं नाही. ट्रॅक्टर पुरता थांबण्याआधीच दांडा टाकून क्लच सोडला, तर तो सगळा भार कोरड्या क्लच प्लेटवर येतो. घाईच्या कामात ड्रायव्हर हाफ क्लचवर खेळतो, प्लेट तापते, जळका वास येतो. मग ट्रॅक्टर मधून फोडून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलायची. हे काम मात्र तालुक्याच्या कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला जमतं. ही या शटलची फार मोठी बाजू आहे.

हायड्रॉलिक शटलमध्ये पुढच्या दिशेला एक आणि मागच्या दिशेला एक, असे चकत्यांचे दोन गठ्ठे तेलात बुडालेले असतात. दांडा मागे केला की व्हॉल्व्ह पुढच्या गठ्ठ्यातलं तेल सोडून देतो आणि मागच्याकडे वळवतो. आधी चकत्यांमधली फट भरते, मग दाब हळूहळू चढतो. चकत्या थोडा वेळ घसरतात, ट्रॅक्टर मंदावतो, थांबतो आणि उलट निघतो. घसरण्यातली उष्णता तेल वाहून नेतं. क्लचला पाय लावावा लागत नाही. पेडल असतंच, पण ते गिअर बदलायला आणि इंचाइंचाने सरकायला.

हा प्रकार आणि हायड्रोस्टॅटिक यांची गल्लत नेहमी होते. हायड्रोस्टॅटिकमध्ये चाकांपर्यंतची ताकदच पंप आणि मोटरमधून, तेलाच्या दाबाने जाते. इथे ताकद गिअरमधूनच जाते, तेल फक्त चकत्या दाबतं. पंप फिरवायला आणि मोकळ्या गठ्ठ्याच्या ओढीत थोडी शक्ती खर्च होते, पण लोडरच्या कामात ती कोणी मोजत बसत नाही.

काळजी करायची ती तेलाची. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, लिफ्ट, ऑइल ब्रेक आणि शटल यांना एकच तेल पुरतं. टिपिंग ट्रॉलीचा पाइप धुळीत पडलेला असतो आणि कपलर न पुसता तसाच जोडला जातो. ती धूळ तेलात मिसळते आणि तेलाबरोबर शटलच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचू शकते. फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर दांडा टाकल्यावर ट्रॅक्टर उशिरा निघतो, नाहीतर झटका देतो. इथे मिस्त्रीच्या हातोडीचा उपयोग नाही. प्रेशर गेज लावून दाब बघावा लागतो आणि तसा माणूस जवळपास असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याने न विचारता सांगायला हवी. यांत्रिक ट्रॅक्टर उतारावर गिअरमध्ये टाकून बंद करायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. हायड्रॉलिक शटलमध्ये इंजिन बंद झालं की दाब जातो, चकत्या सुटतात आणि गिअरमध्ये असूनही ट्रॅक्टर घरंगळू शकतो. हँडब्रेक ओढल्याशिवाय खाली उतरूच नये. याच कारणाने असा ट्रॅक्टर सहसा धक्का मारून सुरू होत नाही, त्यामुळे बॅटरी सांभाळावी.

ऊस कारखान्याला ओढायचा आणि नांगरट-रोटाव्हेटर करायचं, तर यांत्रिक शटलच घ्यावा. जास्तीचे पैसे तिथे वसूल होत नाहीत. दिवसातले दोन-चार तास लोडर चालणार असेल, किंवा ट्रॅक्टरवर वेगवेगळे ड्रायव्हर बसणार असतील, तर हायड्रॉलिक घ्यावा. जुना घेत असाल तर आधी डिपस्टिक काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. मग तासभर काम करवून, तेल तापल्यावर दांडा पुढे-मागे करून बघा. थंड तेलावर ठीक चालणारा शटल गरम झाल्यावर ढिला पडत असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी तो घेऊ नये.