पैसे भरले, पण जमा कधी पडले?



गाळप हंगामात आमच्या शेतकी खात्यात तोडीच्या तारखेची चौकशी होते, तशी हल्ली आणखी एक होते. "साहेब, कार्डाचं पैसं भरलं, खात्यावर कवा पडणार?" कार्डे दोन जातीची. माण, मारुंजी, नेरे, जांबे या बाजूची पोरे-सुना हिंजवडीला नोकरीला. त्यांच्याकडे बँकेचे क्रेडिट कार्ड. बापाकडे किसान क्रेडिट कार्ड. ही योजना १९९८ सालची. दोन्हीकडे पाहायची ती जमेची तारीख. पैसे आपल्या खात्यातून निघाले म्हणजे काम झाले असे समजू नये.

पोरांच्या कार्डाचे आधी उरकून घेऊ. एनईएफटीने पाठवलेली रक्कम दर अर्ध्या तासाच्या फेरीत जाते आणि फेरी मिटल्यावर दोन तासांत समोरच्या बँकेने जमा करायची असते. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सोय रात्री आणि सुट्टीलाही चालते. चेक पूर्वी दोन-तीन दिवस अडकायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात पाठवलेला चेक वटला की नाही, हे त्याच संध्याकाळी ७ पर्यंत कळवायचे आहे. मोबाईलवरून बिल भरले तर 'यशस्वी' असे लगेच दिसते, पण कार्डावर जमा पडायला बँकेबँकेप्रमाणे एखाद-दुसरा दिवस लागू शकतो. म्हणून शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी भरावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने थकबाकी तीन दिवसांवर गेली तरच उशिराचा दंड लावता येतो, पण व्याज वेगळे. ते अनेक कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. गावच्या सावकाराला नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. 'किमान रक्कम' भरली की दंड टळतो, उरलेल्या रकमेवरचे व्याज चालूच राहते.

आता आपले पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचे कर्ज ७ टक्क्यांनी मिळते, आणि वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची आणखी ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्केच पडतात. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलतही वेळेत फेडणाऱ्यालाच आहे. तीन लाखांवर वर्षाचे ३ टक्के म्हणजे नऊ हजार रुपये. ही रक्कम एका दिवसाच्या उशिराने जाऊ शकते. कशी ते पाहा.

समजा, कर्जाची तारीख ३१ मार्च आहे. ऊस १८ मार्चला वजनकाट्यावर आला. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हिशेब केला तर १ एप्रिल उजाडतो. कारखान्याने कायदा तंतोतंत पाळूनही सभासद थकबाकीत! उशीर झाल्यास कारखान्याने वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे असते, हेही आम्ही कारखान्याचे नोकर असून सांगतो. पण त्या व्याजाने गेलेली सवलत परत येत नाही.

दुसरी अडचण कपातीची. बिलाच्या पट्टीवर सोसायटीची वसुली कापलेली दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण त्या पैशाला पुढे वाट चालायची असते. कारखान्याकडून यादीसह रक्कम बँकेत जाते, तिथून सोसायटीच्या हिशेबाला, मग तुमच्या नावावर. यादीत खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी नोंद लटकून राहते.

ज्यांचा ऊस मार्चच्या पहिल्या पंधरवड्यानंतर तुटणार आहे, त्यांनी बिलाच्या भरवशावर न बसता दुसरीकडून तजवीज करावी. दूध, भाजी, नाहीतर हिंजवडीतल्या पोराचा पगार. नऊ हजारांसाठी चार दिवस घरात हात पसरायला लाज कसली? ज्यांची कपात झाली आहे त्यांनी बिलाची पट्टी घेऊन सोसायटीत जावे, कर्जखात्याचा उतारा मागावा आणि जमेची तारीख स्वतः वाचावी. नोंद दिसली नाही तर पट्टीची नक्कल आमच्या गट कार्यालयात आणून द्यावी, आम्ही हिशेब खात्याकडे पाठवू. हे सगळे ३१ मार्चच्या आठ दिवस आधी व्हावे. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी गिऱ्हाइकांना बंद असतात.