केस पाणी किती पितो?

ग्लासभर पाण्यात केस टाकायचा. बुडाला तर सच्छिद्रता (पाणी आत घेण्याची व धरून ठेवण्याची क्षमता) जास्त, तरंगला तर कमी, असे सर्रास मानले जाते. ही चाचणी भरवशाची नाही. केसाला तेलाचा अंश असला, तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे सच्छिद्र केसही वरच राहतो.

क्युटिकल (केसावरचा सूक्ष्म खवल्यांचा थर) छपरावरच्या कौलांसारखे असते. कौले घट्ट बसलेली असली की पाणी ओघळून जाते. सरकली की घर गळते. ब्लीच, स्ट्रेटनिंग, कडक ऊन, रोजची ओढाताण यांनी हे खवले उचकटतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे फूटभर केसाचे टोक अडीच वर्षांचे झालेले असते, आणि मुळापेक्षा ते बहुधा अधिक सच्छिद्र असते. सगळ्या केसांना एकच शिक्का मारण्यात म्हणूनच अर्थ नाही.

कंडिशनर लावायचा तो टोकांना. न्हाण्याआधी खोबरेल लावण्याची आपली जुनी सवयही चांगलीच: ते केसात शिरते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने प्रथिनांची झीज घटली. सूर्यफूल तेलाने नाही. क्युटिकल घट्ट असेल तर मात्र तेल बेतानेच. जास्तीचे नुसते वर चिकटून बसते.