लाइक, शेअर आणि भाकर

४ जानेवारी २०१९ रोजी इन्स्टाग्रामवर कोंबडीच्या अंड्याचा एक फोटो आला. पांढऱ्या बॅकग्राउंडवर एक तपकिरी अंडे, बस्स! ना रेसिपी, ना सल्ला. ‘सर्वांत जास्त लाइक मिळवू या’ एवढेच आवाहन. दहा दिवसांच्या आत त्या अंड्याने कायली जेनरचा एक कोटी ऐंशी लाख लाइकचा विक्रम मोडला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये मेस्सीने वर्ल्ड कप हातात घेतलेले फोटो टाकले, तोपर्यंत हे अंडेच पहिल्या नंबरावर होते. आता मला सांगा, ते बघून किती जणांनी सकाळी उठून अंडे उकडले असेल?

म्हणजे खाण्याचा फोटो गाजवणे ही एक गोष्ट आणि त्यामुळे कोणाच्या ताटात फरक पडणे ही दुसरी. सप्टेंबर महिना २०१८ पासून देशभर ‘पोषण माह’ म्हणून साजरा होतो. त्यासाठी आमच्या रासेयोच्या ग्रुपने पौष्टिक पदार्थांच्या सचित्र पोस्ट करायचे ठरवले आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा असूनही (की असल्यामुळेच?) ते काम माझ्याकडे आले. त्यातून जे हाती लागले ते इथे सांगतो. पुढच्या बॅचला उपयोगी पडेल.

विषय : जे बाजारात मिळते ते

इंटरनेटवर ‘हेल्दी फूड’ शोधा. अ‍ॅव्होकॅडो, ब्लूबेरी, किनोआ... सगळे चकचकीत! पण खामगावच्या किंवा मेहकरच्या आठवडी बाजारात यातले काय मिळते? जे मिळत नाही त्याचा फोटो लोक बघतात आणि पुढे सरकतात. आपल्याकडे काय कमी आहे? ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि कण्या, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला, तुरीचे वरण, थंडीत हुरडा. आमच्या मेसच्या मावशींना मी भाकरीचा फोटो काढू का म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या, “फोटो काढून का होते बाप्पू? खाल्ली तं अंगी लागंन!” मावशींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. पण गंमत अशी, की संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि आपल्या जिल्ह्यात मात्र बऱ्याच शेतांतली ज्वारीची जागा सोयाबीन-कपाशीने घेतलेली आहे. भाकरीची आठवण करून द्यायची वेळ आलेली आहे, म्हणून तर फोटो!

एक चित्र, एक गोष्ट

आपल्याकडे सिग्नल टू नॉइज रेशो शिकवतात ना, तोच इथे लागू आहे. ‘ज्वारीचे २१ फायदे’ लिहिलेली पोस्ट कोणी वाचत नाही, कारण त्यात सगळा नॉइजच असतो. एका चित्रात एकच गोष्ट सांगा. आमच्या पोस्टपैकी सर्वांत जास्त फॉरवर्ड कोणती झाली असेल? ‘उसळीवर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या.’ एवढेच वाक्य आणि उसळीच्या वाटीशेजारी अर्धे लिंबू. कारण साधे आहे. वनस्पतींमधले लोह शरीराला सहज शोषता येत नाही. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने ते शोषणे वाढते आणि चहातल्या टॅनिनने कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ही पोस्ट जवळजवळ प्रत्येक घरात कोणाच्या तरी उपयोगाची आहे. आणि माणूस पोस्ट फॉरवर्ड करतो ती ‘हे आईला पाठवतो’ असे वाटले तरच. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही पोस्ट पसरण्यात ती दुसऱ्याला किती जण पाठवतात याला मोठे महत्त्व असल्याचे सांगितलेले आहे. तेव्हा लाइकच्या मागे लागू नका. ‘पाठवावेसे’ वाटेल असे करा.

फोटो आणि अक्षरे

महागडा कॅमेरा लागत नाही. खिडकीशेजारी, सकाळच्या उजेडात, ताट ठेवायचे. प्रकाश बाजूने आला की भाकरीवरचे पापुद्रे आणि डाग उठून दिसतात. फ्लॅश मारला की भाकर पुठ्ठ्यासारखी दिसते, आणि ट्यूबलाइटखाली तर भाजी आजारी वाटते! स्टीलच्या ताटात आपलाच मोबाइल चमकतो, म्हणून टोपली, सूप किंवा केळीचे पान वापरा. पूर्ण ताट असेल तर वरून, वाटी असेल तर ४५ अंशांतून फोटो घ्या.

साईज १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवली की मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर जास्त जागा मिळते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते, त्यामुळे बारीक अक्षरे पुसट होतात. म्हणून अक्षरे मोठी घ्या, किंवा एचडीचा पर्याय निवडून पाठवा.

मराठीची खरी परीक्षा फॉन्टमध्ये असते. जुने शिवाजी, कृतिदेव हे फॉन्ट एका कॉम्प्युटरवर नीट दिसतात, दुसऱ्यावर उघडले की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे. त्यापेक्षा युनिकोड वापरा. मुंबईच्या एकटाइपने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट फुकट मिळतात. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांची सेटिंग चालू केली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. ‘पौष्टिक’ शब्द लिहून बघा, लगेच कळेल. इंग्रजीच्या मानाने दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, कारण आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार असतात. अक्षर आणि बॅकग्राउंड यांच्या उजेडाचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वेबच्या मानकाप्रमाणे निदान ४.५ ला १ हवा. पिवळ्या वरणावर पांढरी अक्षरे... कृपा करून नको!

आता मुख्य मुद्दा : किती?

इथपर्यंतचे कोणीही शिकेल. पण इंजिनीअरिंगचा विद्यार्थी म्हणून आपण ज्या ठिकाणी कामाला येऊ शकतो ती जागा ही आहे. शेवग्याच्या पाल्याची ती प्रसिद्ध पोस्ट तुम्ही पाहिलीच असेल : ‘दुधाच्या १७ पट कॅल्शियम!’ आकडा खोटा नाही. पण तुलना कशाची कशाशी? वाळवून केलेली पावडर एका बाजूला आणि दूध, ज्यात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, ते दुसऱ्या बाजूला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांच्यात ताज्या पाल्यात १०० ग्रॅमला ३१४ मिलिग्रॅम आणि गाईच्या दुधात ११८ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. म्हणजे १७ चे झाले पावणेतीन पट! आणि पावडर आपण खाणार किती? एक चमचा, ५ ग्रॅम. त्यातून मिळाले साधारण १०० मिलिग्रॅम. २०० मिलिलिटर दुधाच्या ग्लासातून मिळते त्याच्या निम्म्याहून कमी. पाला चांगलाच आहे हो, पण पोस्ट वाचून कोणी लेकराचे दूध बंद केले तर?

तसेच ज्वारीचे. ‘गव्हापेक्षा कितीतरी पट लोह’ असे लिहिलेले दिसते. तक्त्यात ज्वारीत १०० ग्रॅमला ३.९५ आणि गव्हाच्या आट्यात ४.१० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास सारखेच. मात्र पांढऱ्या तांदळात ०.६५ आहे. म्हणून आम्ही ‘गव्हापेक्षा’ न लिहिता ‘पांढऱ्या भातापेक्षा सहापट लोह’ असे लिहिले. मेसच्या भाकरीला लागणारे पीठ मोजले तर ७० ग्रॅम भरले, म्हणजे एका भाकरीत पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह. बाईमाणसाची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम. तर पोस्टवर आले : ‘एक भाकर = दिवसाच्या लोहाचा सुमारे दहावा हिस्सा. उरलेले डाळ, पाला, तीळ यांतून घ्या.’ वाचणाऱ्याला हिशेब समजला की विश्वास बसतो.

आपल्या जिल्ह्याने दिलेला धडा

‘किती’ हा प्रश्न विचारला नाही तर काय होते, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत असणार? डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव, खामगाव, नांदुरा तालुक्यांतल्या गावांमध्ये माणसांचे केस अचानक गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावे देशभराच्या बातम्यांत आली. डोके खाजायला लागायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल! लगेच ‘टक्कल व्हायरस’ हे नाव पडले. पाणी, शाम्पू, बुरशी... रोज नवा आरोपी. तरुण पोरापोरींनी शाळा-कॉलेजला जाणे थांबवले, लग्ने अडली, अशाही बातम्या होत्या. आणि त्या माणसांच्या टकलाचे फोटो मोबाइलवर फिरत होते.

विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर या गावांत आले. रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने त्यांनी तपासून घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष सांगितला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १८ गावांतील २७९ जणांना त्रास झाला होता आणि कारण होते रेशनच्या गव्हातले जादा सेलेनियम. त्यांच्या नमुन्यांत किलोमागे सुमारे १४ मिलिग्रॅम आढळले आणि गहू धुतल्यानेही फारसे कमी झाले नाही.

आता गणित करू. दिवसाला २०० ग्रॅम पीठ पोटात गेले तर सेलेनियम २.८ मिलिग्रॅम, म्हणजे २८०० मायक्रोग्रॅम. शरीराची रोजची गरज ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा ४००. म्हणजे मर्यादेच्या सातपट!

आणि याच सेलेनियमबद्दल सोशल मीडियावर काय फिरते? ‘दाट केसांसाठी सेलेनियमयुक्त आहार!’ सुंदर फोटो, सुंदर अक्षरे. ती पोस्टही चूक नाही म्हणा, कारण थोडे सेलेनियम शरीराला हवेच. पण जादा झाले की केस आणि नखे गळतात, हे तिच्यात कुठेच नसते. समजा, बोंडगावातल्या एखाद्या ताईने केस गळायला लागल्यावर ती पोस्ट वाचली असती आणि सेलेनियमच्या गोळ्या आणल्या असत्या तर? आगीत तेलच की! ज्या घरी रेशनचाच गहू खायचा आहे, तिथे आपली पोस्ट म्हणजे नुसती करमणूक नाही. म्हणून आम्ही ठरवले, की आकडा असेल तर त्याच्याशेजारी ‘किती प्रमाणात’ आणि ‘कोणासाठी’ हे दोन्ही छापायचेच. जागा पुरली नाही तर फोटो लहान करायचा.

टाकण्याआधी एवढे बघा

पहिले, आकडा कुठून आला? दुसऱ्या पोस्टवरून घेतला असेल तर चालणार नाही, पोषण संस्थेच्या तक्त्यात शोधा. दुसरे, तुलना सारख्या वजनाची आणि सारख्या अवस्थेची आहे का? ओल्याची सुक्याशी नको. तिसरे, माणूस एका वेळी तो पदार्थ खातो किती, ते वाटी-चमच्यात सांगा. चौथे, ‘बरा होतो’, ‘मुळापासून जातो’ असले शब्द काढा. आजार डॉक्टरचा, आपला फक्त आहार. जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी स्वतःचे शिक्षण जाहीर करण्याची अट घातलेली आहे, म्हणून आम्ही खाली लिहितो, ‘आम्ही इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आहोत, आहारतज्ज्ञ नाही.’ त्यामुळे लाइक कमी होत नाहीत, उलट लोक हसून शेअर करतात! पाचवे, कोणा आजारी माणसाचा फोटो कधीच नको.

आणि सहावे, पोस्ट आधी मेसच्या मावशींना किंवा घरी आईला दाखवा. त्यांना दोन सेकंदांत कळली तर सगळ्यांना कळेल. आमची पुढची मालिका तालुक्यावार आहे, तेराही तालुक्यांतले एकेक ताट. लोणार, सिंदखेडराजा, संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडच्या मित्रांनी सुट्टीत घरी गेल्यावर ताटाचा एक फोटो काढून आणावा, आणि हो, त्यासोबत पिठाचे वजनही!