पांढरीच्या पोटातले मस्टर

आमच्या सातारा-सांगली भागात इतिहास म्हटला की तो किल्ल्यांपासून सुरू होतो आणि पत्री सरकारपाशी येऊन थांबतो. फार मागे गेलो तर कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांपर्यंत, म्हणजे दोनेक हजार वर्षे. पण माणूस त्याच्याही आधी कित्येक हजार वर्षे या दख्खनच्या मातीत राबत होता. त्याने लिहून काही ठेवले नाही. मग त्याचा इतिहास वाचावयाचा कसा? आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांस हा प्रश्न फार जवळचा वाटतो. आमच्याही पणज्या-आज्यांनी लिहून काही ठेवलेले नाही. सावकाराच्या खतावर त्यांचे अंगठे तेवढे आहेत.

लेखनापूर्वीच्या या काळास प्रागैतिहास म्हणतात. त्याची पहिली नीट मांडणी एका संग्रहालयात झाली. कोपनहेगनच्या संग्रहालयात थॉमसन नावाच्या गृहस्थाने जुन्या वस्तू दगड, कासे आणि लोखंड अशा तीन काळांत लावल्या आणि १८३६ साली ती मांडणी छापून निघाली. हा गृहस्थ पदवीधर नव्हता, व्यापाऱ्याचा मुलगा होता. हे वाचून आमच्यासारख्या वाचनालयात बसून शिकलेल्यांस जरा धीर येतो.

पुढची पायरी इंग्लंडातली. डॉर्सेट परगण्यात मेडन कासल नावाचा प्राचीन मातीचा कोट आहे. तेथे १९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर यांनी मोठे उत्खनन केले. चौकोन आखून खणावयाचे, मध्ये मातीची भिंत राखावयाची आणि त्या भिंतीत दिसणारा एकेक थर नोंदवावयाचा, ही त्यांची पद्धत. गिरणीतल्या मस्टरसारखीच ही गोष्ट आहे. मस्टरची पाने क्रमाने असतील तर कोण कधी कामावर होता ते कळते. पाने फाडून ढीग केला तर नावे राहतात, हिशेब जातो. मातीचा थर म्हणजे असे एक पान. या उत्खननात एक हिंदी विद्यार्थी हे काम शिकत होता. त्यांचे नाव हसमुख धीरजलाल सांकळिया. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जोर्वे, नेवासे, इनामगाव ही गावे जगाच्या नकाशावर आणली.

यांतले इनामगाव शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. घोड भीमेला मिळते आणि भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेला. म्हणजे हे गाव आमच्याच खोऱ्यातले. १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे सांकळिया, ढवळीकर, अन्सारी आदी मंडळींनी तेथे खणले. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. कोळशाच्या तुकड्यातला किरणोत्सर्गी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. त्या हिशेबाने या वस्तीचा काळ इ. स. पूर्व १६०० ते ७०० असा धरतात. आधीची घरे ऐसपैस, चौकोनी. शेवटच्या काळातली गोल आणि लहान. शेती आटली, गुरे आणि शिकार यांवर भार वाढला. पाऊस कमी झाल्याचा हा परिणाम, असे संशोधकांचे म्हणणे. माण-खटाव, जत-आटपाडीच्या माणसास हे फोड करून सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. सधन शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी होती; कुंभारासारखे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. यावरून लगेच जातीचा निष्कर्ष काढू नये. पण घडवणारा हात कडेला ठेवण्याची रीत किती जुनी असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही हमाल बांधवांची सहल डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयास नेली. वाटेत इनामगावच्या कणग्यांची, चुन्याने लिंपलेल्या धान्याच्या खड्ड्यांची माहिती सांगत होतो. हरिपूरच्या हळदीच्या पेवांत उमेदीची वर्षे घालवलेले एक वृद्ध हमाल मध्येच म्हणाले, “अण्णा, हे तर पेवच की! पण पेव कुठंबी खणता येत न्हाई. पाणी न धरणारी माती लागती. म्हंजे त्यांच्यातबी कुणीतरी माती वळखणारा हुता.” आम्ही पुस्तके वाचून जे पाहिले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात दाखविले. खड्डा सर्वांनाच दिसतो; खणणाऱ्याची अक्कल खणलेल्यालाच दिसते. हरिपूरची बरीच पेवे २००५ च्या महापुरात निकामी झाली. ती माती ओळखणारी माणसे गेली, आणि आम्ही त्यांस विचारून ठेवले नाही, तर हीही विद्या न लिहिलेल्या इतिहासात जमा होईल.

आता मुद्द्याचे. आपल्याकडे शेतीच्या जमिनीस काळी आणि वस्तीच्या जमिनीस पांढरी म्हणतात. ओसाड पांढरीची टेकाडे नदीकाठी आढळतात. राख, शेण, पडक्या भिंती यांनी बनलेली ती माती पिकास चांगली म्हणून गाड्या भरभरून शेतात नेतात. एका पावसाळ्याच्या पिकासाठी शेकडो वर्षांचे मस्टर फाटते. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला भिल्ल समाजातल्या एका कष्टकऱ्यास खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार धातूच्या मूर्ती सापडल्या. वजन साठ किलोंहून अधिक. त्या वितळल्या नाहीत, हे आपले भाग्य. पण थरासकट नोंद न झाल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत अजून वाद आहे.

म्हणून श्रोत्यांस विनंती एवढीच. नांगराला रंगीत खापर लागले, विहिरीच्या खणतीत घडीव दगड निघाला, तर हात आवरावा. जागा लिहून ठेवावी. तहसीलदारास वा पुरातत्त्व खात्यास कळवावे. आणि मुलांस संग्रहालयात न्याल तेव्हा काचेआडचे मडके दाखवून त्यांस विचारा: याला वळण देणाऱ्याचे बोट कोठे लागले असेल? ते बोट सापडले की पुढचा इतिहास मुले आपण होऊन विचारू लागतील.